गवा आलता

बनाबाईला राग यायला निमित्त लागत नाही, असं तिचा नवरा बाळासो चारचौघांत सांगायचा. साफ खोटं. निमित्त लागायचं, आणि ते बहुतेक वेळा बाळासोच पुरवायचा. पण दिवाळी तोंडावर आलेली असताना त्या सकाळी ती गायरानाच्या तारेपाशी येऊन थांबली, तेव्हा तिला आधी रागसुद्धा आला नाही. ती नुसती बघत राहिली.

कालपर्यंत कमरेला लागणारं पवन्याचं गवत आडवं झालं होतं. सगळं नाही, कडेचं उभं होतं. पण मधोमध एक भली मोठी गोल वाट पडली होती आणि त्या वाटेवरचं गवत मातीत पार रुतलं होतं. दाणा भरत आलेले तुरे चुरडून शेणात कालवले गेले होते. एका कोपऱ्यात कुंपणाची तार खाली लोळत होती. बनाबाईबरोबर आलेली मदिना तिथंच बांधावर मटकन बसली. मागनं बाकीच्या बाया येऊन पोचल्या. पोती घेऊन आलेल्या बायका त्या, पोती काखेत तशीच राहिली.

आता हे गायरान म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल गवतासाठी एवढा जीव कशाला जाळायचा.

हुपरीच्या वाटेवरचा हा गावचा माळ. नावाला गायरान, पण गाईनं तोंड लावावं असं तिथं काय शिल्लक होतं? घाणेरीची झुडपं, गाजरगवत आणि दगड. चारही बाजूंनी ऊस, मधे हा उघडा पडलेला. तीन वर्षांपूर्वी शहरातनं, राजारामपुरीतनं, नसरीन नावाची पोरगी स्कूटरवरनं आली. गवताचं शिक्षण घेतलेली, कुठल्याशा संस्थेत कामाला. म्हणाली, ह्या माळावर मूळचं गवत परत आणायचं. लोक हसले. गवताचंही शिक्षण असतं म्हणजे कमालच झाली. बनाबाईही हसली. पण नसरीननं डिकीतनं पवन्याची एक पेंढी काढली आणि बनाबाईच्या हरणीपुढं टाकली. हरणी म्हणजे तिची म्हैस, खाण्याच्या बाबतीत भलती नखरेल. पुढ्यात उसाचं हिरवंगार वाडं पडलेलं असताना हरणीनं ते नाकानं बाजूला सारलं आणि पवन्याची काडीन् काडी संपवली. झालं, बनाबाईचं मत तिथंच ठरलं. शिकलेल्या माणसाचं एक वेळ चुकेल, हरणीचं चुकायचं नाही.

मग बाया जमवल्या. उन्हाळ्यात घाणेरी मुळासकट उपटली, हातांची सालटी निघाली. दगडगोटे वेचून वेचून कडेला बांध घातला. मृगाच्या तोंडाला बी पेरलं, आणि पावसाळाभर चिखलात बसून गाजरगवत खुरपलं. त्या गाजरगवतानं अंगावर पित्त उठायचं, बाया खाजवून खाजवून रडकुंडीला यायच्या. पहिल्या वर्षी काही उगवलं नाही. गावानं टिंगल केली. दुसऱ्या वर्षी इथं-तिथं चार बुडखे दिसले. आणि ह्या वर्षी माळ असा काही उठला, की हुपरीला जाणारी एसटी तिथं आली की खिडकीतनं मुंड्या बाहेर यायच्या.

तरी हा निम्माच माळ होता. उरलेल्या निम्म्यावर गावातल्या काही जणांचा डोळा होता, खणून मुरूम काढायला. सरपंच आकाराम धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. त्यानं तोडगा काढला: यंदाच्या दिवाळीला बायकांनी उरलेल्या माळाला पुरेल एवढं बी दाखवावं, म्हणजे तोही माळ त्यांच्या ताब्यात. बी दिसलं नाही, तर दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत मुरमाचा विषय घ्यायचा. एकदा मुरूम खणला की तिथं खड्डा राहतो, गवत कसलं राहतंय? पवन्याचं बी पिकलं की आपसूक गळतं, म्हणून पाडव्याच्या आगेमागे ते हातानं ओरबाडून घ्यायचं असतं. त्याचीच सगळ्या बाया वाट बघत होत्या.

आणि आता हे असं.

तासाभरात आकाराम आला, त्याच्या मागनं बाळासो. बाळासो पंचायतीचा मेंबर. गायरानाला तार मारायचा ठराव त्यानंच मांडलेला, फाटकाला कुलूप घालून चावी स्वतःच्या करदोट्याला बांधलेली. कुलूप जागच्या जागी होतं. बाळासोनं लोळणारी तार उचलून बघितली, मान हलवली आणि म्हणाला, "गवा आलता."

कुणाला खोटं वाटायचं कारणच नव्हतं. मागल्याच महिन्यात कुठल्या तरी गावात गवा शिरला होता आणि त्याचा व्हिडिओ घराघरांत फिरला होता. आकारामनं कपाळाला हात लावला. म्हणाला, जनावरापुढं कुणाचं काय चालतंय, बायांचं नशीब. पण बोलणं झालंय ते झालंय, बी नसलं तर ग्रामसभेत विषय घ्यायला लागणार. बनाबाईनं गव्याला तोंडभर शिव्या मोजल्या आणि घरी आली.

संध्याकाळी ती हरणीची धार काढायला बसली. हरणीनं शेपटी मारली ती तिच्या गालाला टोचली. बनाबाईनं शेपटीचा गोंडा हातात धरून बघितला, तर त्यात पवन्याची कुसळं गच्च रुतलेली. खुराच्या बेचक्यात तुऱ्यांचा चुरा. आता हरणी ना कधी चरायला सुटायची, ना तिला कुणी दाव्याशिवाय बाहेर न्यायचं. फक्त पहाटे बाळासो तिला घेऊन जायचा, पाडव्याच्या तालमीला.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ती अशी. चरवी तिथंच ठेवून ती सोप्यात आली आणि शेपटीतलं कुसळ बाळासोच्या मांडीवर टाकलं. विचारलं काही नाही. त्यानं कुसळाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि अंगावरचं झटकावं तसं सगळं सांगून टाकलं. चोरी पकडली गेली ह्याची लाज नाही, काही नाही.

आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून पळवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं खोवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या. मालकानं फटफटीचा सायलेन्सर काढून पुढं सुटायचं आणि म्हशीनं दाव्याबिगर, कासऱ्याबिगर त्याच्या मागं धावायचं. एवढ्या कालव्यात ज्याची म्हैस त्याला सोडत नाही, त्याचा मान. बाळासोला तो मान एकदाही मिळालेला नव्हता. म्हशीला हे शिकवायला रोजची तालीम लागते. पण गावातली गल्ली यंदा काँक्रीटची झालेली, म्हशी घसरायला लागल्या. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. मग राहिलं काय? गायरान. चावी कमरेलाच होती. बाळासो आणि त्याचे जोडीदार जोतीराम नि गणपतराव, तिघंही आपापली म्हैस घेऊन पहाटे फाटकातनं आत जायचे. दोन-तीन दिवस कडेकडेनं, कुणाला दिसणार नाही असं भागलं. मग हरणी पळेना, म्हणून बाळासोनं फटफटीच्या मागं पवन्याची पेंढी बांधली, आणि ती अशी काही उधळली की बाकीच्या दोघीही तिच्या मागं मधोमध घुसल्या. शेवटी झालेली नासाडी दिसली तेव्हा कोपऱ्यातली तार ओढून खाली पाडली. गवा त्या तारेतनं जन्माला आला.

"आणि खरं सांगू का," बाळासो म्हणाला, अगदी कौतुकानं, "तुम्ही बायकांनी माळ केलाय झकास. कुठं खडा न्हाय, काटा न्हाय. म्हशीच्या खुराला काय टोचत न्हाय बघ."

बनाबाईला वाटलं, चरवी आणून ह्याच्या डोक्यात घालावी. उन्हात बसून वेचलेला एकेक दगड तिला आठवला. मदिनाची बोटं आठवली. मदिनाच्या घरी चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडायचं काम, बोट सुजलं तर रोजगार बुडतो, तरी ती घाणेरी उपटायला पहिली. ते सगळं कशासाठी, तर ह्यांच्या म्हशींची पावलं मऊ राहावीत म्हणून? ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता आकारामला जाऊन खरं सांगा, बायकांना आणखी एक वर्ष मागून घ्या. बाळासोनं उशी ओढली आणि तक्क्याला टेकला.

"गवतच हाय की. परत येतंय."

मग दटावणी सुरू झाली. पाडवा तोंडावर आहे, घराची अब्रू चव्हाट्यावर मांडू नकोस, मेंबरकी जाईल, आणि तू एकटी काय सांगणार, आम्ही तिघं गवा म्हणतोय. कुंपणानं शेत खाल्लं आणि वर ढेकर दिला, असा हा प्रकार. बनाबाई रात्री जेवली नाही. हरणीला मात्र वैरण टाकली, तिचा त्यात काय दोष?

दुसऱ्या दिवशी नसरीन आली. कडेच्या उभ्या गवतातनं सगळ्यांनी मिळून बी ओरबाडलं, मदिनाची बोटं सगळ्यांत चलाख चालत होती. पण पोत्याचा तळ झाकला आणि गवत संपलं. उरलेल्या माळाला हे पुरणार नाही, असं नसरीन म्हणाली आणि तोंड फिरवून उभी राहिली. बनाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला तर पोरगी डोळे पुसत म्हणाली, "गव्यावर काय रागवायचं, मावशी? त्याचं जंगल आपणच खाल्लंय."

हे शब्द बनाबाईच्या काळजात रुतून बसले. शिव्या ऐकून घेणं सोपं असतं. पण ही पोरगी, जिच्या तीन वर्षांच्या कष्टावर म्हशी नाचल्या, ती वर त्या न आलेल्या गव्याची कीव करत होती. आणि खरं माहीत असलेली बनाबाई मूग गिळून तिच्यासमोर उभी. जोतीरामची आणि गणपतरावाची बायको त्याच बायांत होत्या. त्यांनीही खाली बघितलं, आणि बनाबाई समजली की कुसळं त्यांच्याही गोठ्यात सापडली आहेत. प्रत्येकीच्या घराला अब्रू होती, गायरान तेवढं बेवारस.

तिनं मदिनाला सगळं सांगितलं. मदिना म्हणाली, ग्रामसभेत उठून बोल. बनाबाई म्हणाली, तिघं बाप्ये एक बोलणार, मी एकटी एक बोलणार, आणि लोक म्हणणार नवराबायकोचं भांडण आहे. कुणीतरी असा साक्षीदार पाहिजे जो लाजत नाही आणि खोटं बोलत नाही. मदिना म्हणाली, असा माणूस गावात मिळायचा नाही.

माणूस नाहीच मिळाला. पण त्याच दुपारी बनाबाई हरणीला पाण्यावरनं घेऊन येत होती. तिकटीवर, जिथनं गायरानाची वाट फुटते तिथं, कुणाची तरी फटफटी फाडफाड करत गेली, तशी हरणीनं दाव्याला हिसडा दिला आणि गायरानाची वाट धरली. बनाबाईनं दावं सैल सोडलं आणि मुकाट तिच्या मागं गेली. हरणी जिथं जाऊन उभी राहिली ते बनाबाईनं नीट बघून घेतलं. मग तिनं म्हशीची मान थोपटली आणि घरी आली. त्या दिवसापासून तिचा आवाज बंद झाला. बाळासोला वाटलं, आली बाई ताळ्यावर.

पाडव्याला तिनं हरणीला अशी सजवली, की गल्ली बघायला लोटली. शिंगांना तांबडा रंग, मोरपिसं, कवड्यांची माळ, कपाळावर मदिनाच्या नवऱ्यानं, दस्तगीरनं घडवलेला चांदीचा चांद. बाळासो फेटा बांधून पाटावर बसला, कारण पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते आणि नवरा ताटात ओवाळणी टाकतो, ही रीत. बनाबाई म्हणाली, आधी म्हशीचं होऊ दे, मग तुमचं. बाळासो खूश झाला. त्याला वाटलं, मान मिळवून आल्यावर ओवाळणार.

चौकात हलगी कडाडत होती. ट्रॉलीवर स्पीकर, आकारामच्या हातात बिनवायरचा माईक. नसरीनला बनाबाईनं मुद्दाम फराळाला बोलावलं होतं, ती मदिनाजवळ उभी होती. बाकीच्या म्हशी पळून झाल्या, कुठली बिथरली, कुठली भलत्याच्याच मागं गेली. शेवटी हे तिघं एकदम निघाले. फटफट्या अशा कडाडल्या की म्हाताऱ्यांनी कानांवर हात घेतले. चौकातनं सुटायचं, तिकटीला वळसा घालायचा आणि परत चौकात यायचं. बाळासो पुढं, हरणी त्याच्या मागं अगदी चिकटून, तिच्या मागनं दुसऱ्या दोघी. लोक शिट्ट्या मारायला लागले. ह्या वर्षी मान बाळासोचाच, असं आकाराम माईकवरनं बोलूनही गेला.

तिकटीवर बनाबाई उभी होती. हातात पवन्याची पेंढी, बी झाडून घेतलेली. बाळासो वळसा घालून चौकाकडे फिरला आणि बनाबाईनं पेंढी एकदाच वर धरून हलवली. "ये गं, हरणे."

हरणी वळली ती गायरानाच्या वाटेला. मागच्या दोघीही तिच्या मागं वळल्या, तालमीत तशाच पळत होत्या त्या. लोकांत हशा पिकला. बाळासो लाल झाला, फटफटी फिरवून मागं लागला आणि म्हशीनं परत यावं म्हणून रेस करत सुटला. आणि जेवढी फटफटी कडाडली तेवढ्या म्हशी जोरात पळाल्या, कारण त्या आवाजाचा अर्थ त्यांना एकच शिकवला होता. सगळं गाव मागं धावलं. आकाराम माईक हातात घेऊनच धावला, त्याच्या मागनं स्पीकरची ट्रॉली.

बनाबाईनं तिकटीवरच पेंढी टाकून दिली होती, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की तिनं चारा दाखवून नेलं. म्हशी पडलेल्या तारेपाशी पोचल्या. तार खाली लोळत होती, समोर सताड मोकळी वाट होती. एकीनंही तिकडे मान वळवली नाही. त्या तशाच पुढं गेल्या, पार बांधाच्या कडेनं फाटकापर्यंत, आणि कुलूप लावलेल्या फाटकासमोर ओळीनं उभ्या राहिल्या. पहिली हरणी, मग जोतीरामची, मग गणपतरावाची. हरणीनं कुलपाला शिंग घासलं. मग मान मागं वळवून बाळासोकडे बघत राहिली, चावीवाला येईल म्हणून.

फटफटी बंद झाली. हलगीवाला केव्हाच थांबला होता. पुढं उभ्या असलेल्यांना आधी कळलं, मग मागच्यांना. बायांत उभ्या असलेल्या जोतीरामच्या बायकोनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि नवऱ्याकडे बघितलं.

बनाबाई फाटकापाशी आली, म्हशींच्या बाजूला उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, आणि तिला ओळखणाऱ्यांना त्याचीच भीती वाटली.

"सरपंच, नीट बघून सांगा. ह्यातला गवा कुठला?"

माईक चालू होता. आकाराम घसा खाकरला तेसुद्धा सगळ्या माळावर ऐकू गेलं. म्हणाला, वहिनी, सणासुदीचं हे नको, ग्रामसभेत बघू. तशी बनाबाईच्या तोंडाचा बांध फुटला. ग्रामसभेत काय बघणार, बायकांना जमलं नाही असं लिहिणार ना? तीन वर्षं ज्या उन्हात भाजल्या, त्या बायका हरल्या, आणि ज्यांनी तुडवलं ते फेटे बांधून मान घ्यायला निघाले. ही नसरीन तुमच्या गव्यासाठी रडली, तिच्या पाया पडलात तरी कमीच आहे. मुरूम पाहिजे असेल तर सरळ मुरूम मागा, पण बायकांच्या नावावर पावती फाडू नका. पुढच्या दिवाळीपर्यंत ह्या माळावर मुरमाचं नाव काढायचं नाही. हो म्हणा, माईकमध्येच म्हणा.

नसरीन मदिनाचा हात घट्ट धरून उभी होती. आता ती रडत नव्हती. तिचा चेहरा बनाबाईसारखाच दिसत होता. आकारामनं आजूबाजूला बघितलं. एकेक करत बाया फाटकाकडे सरकल्या होत्या, त्यांत जोतीरामची बायकोही होती, गणपतरावाचीही. माईक तोंडाजवळ नेऊन तो म्हणाला, "हो. पुढच्या दिवाळीपर्यंत."

बनाबाईनं मग नवऱ्यापुढं हात पसरला. उभ्या जन्मात तिनं त्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं, उखाण्यात घ्यावं लागलं तेवढंच, तेही गाल फुगवून. आज सगळ्या गावासमोर घेतलं.

"बाळासो, चावी."

बाळासोनं शर्ट वर करून करदोटा चाचपला. गाठ सुटेना. घामानं ओली झाली होती. गाव बघत होतं. शेवटी गाठ सुटली आणि चावी तिच्या तळहातावर पडली. बनाबाईनं ती पदराच्या टोकाला बांधली, दोनदा ओढून बघितली. मग हरणीच्या गळ्यात हात घालून तिला वळवली.

"चला आता घरी," ती त्याला म्हणाली, "ओवाळायचं राहिलंय."